गुरुवारचा चौथा तास

वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ खोडून
मीच लाल शाईनं लिहिलं, ‘संगणक’.
खालचं अक्षर तरी दिसतच राहिलं.
सुई-दोरा, कागदी पंखे, मातीचे पेरू,
सगळं त्या एका रेघेखाली.

पेट्या जूनमध्ये आल्या. अकरा.
कोरबा मिठागरच्या गल्लीत टेम्पो शिरेना,
म्हणून चौथीच्या पोरांनी डोक्यावरून आणल्या,
रुखवत मिरवावा तशा.
मग खोलीला कुलूप,
किल्ली घागमामांच्या कनवटीला,
आणि मीटरचा भार वाढवून मिळेपर्यंत
दिवाळी आली.

तोवर मी पुठ्ठ्यावर शिकवलं.
बुटांच्या खोक्यांची झाकणं, त्यांवर आखलेले चौकोन.
चौसष्ट पोरं, चौसष्ट झाकणं.
‘एंटर’ म्हटलं की सगळी एकदम श्वास सोडायची.
मला तरी त्याहून जास्त कुठं येत होतं?
दादरच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
माझ्या मुलीच्या वयाचा मुलगा म्हणायचा,
‘मॅडम, दाबा हो, फुटत नाही.’
मी वहीत लिहून घेतलं होतं:
उजवे बटण दाबणे. घाबरणे नाही.

हर्षाली मिसाळ झाकणावर बोटं आपटायची नाही.
उलटं करून आतली बाजू बघत बसायची.
तिची आई कुर्ल्याला भंगारात,
जुनी यंत्रं फोडायला.
एकदा मी फळ्यावर चित्र काढलं,
पडदा, कळफलक, उंदीर, आणि एक डबा.
‘डब्यात काय असतं?’
‘मेंदू!’ वर्ग ओरडला. पुस्तकात तसंच आहे.
हर्षाली उठली.
‘एक पंखा. एक हिरवी पाटी.
पाटीला सोन्याचे दात असतात, एवढुस्से.
तांब्याची तार जाळायची नाही, सोलायची,
धुरानं आईला खोकला लागतो.
आणि बाई, धूळ.
लोकांच्या घरातली सगळी धूळ असते आत.’
मी टाचणवहीत लिहिलं: अंतर्गत भागांची ओळख झाली.
कुणी करून दिली, त्याला रकाना नव्हता.

शेवटी कुलूप निघालं. चपला बाहेर.
अकरातली दोन खाऱ्या हवेनं आधीच गेलेली,
उरलेल्यांपुढे सात-सात जण,
एकाचा हात, सहांचे सल्ले.
पहिला धडा, आपलं नाव लिहा.
मराठीत, हे माझं मी ठरवलं.

‘बाई, ळ कुठंय?’

पडद्यावर होतं, हर्षाली मिसाल.
‘मिसाल म्हणजे चांगलंच की,’ शेजारचा साजिद म्हणाला,
‘मौलाना देतात ना, तसं.’
‘असेल. पण ते आमचं आडनाव नाही.’

मी चष्मा लावला. कळफलकावर सगळी इंग्रजीच.
वडाळा, शाळा, फळा, खिळा, वेळ, गोळी,
माझं दिवसभराचं बोलणं ज्यावर चालतं
ते अक्षर मला सापडेना.
दादरच्या मुलाला फोन लावला. लागला नाही.

हर्षालीनं कळफलक उचलला,
उपडा करून दोनदा झटकला,
मग एका बोटानं शिफ्ट दाबून धरलं
आणि दुसऱ्यानं एकेक बटण, डावीकडून, ओळीनं,
माल तपासावा तसं.
खालच्या ओळीत एनपाशी ते आलं.
खुशीत बोट उचलायचं राहिलं तिचं.

ळळळळळळळळळळळळळळळळ

घंटा झाली तरी कुणी हलेना.
घागमामांनी दारातून दोनदा खाकरून दाखवलं.

पोरं गेल्यावर म्हटलं, मामा, पाच मिनिटं.
मस्टरवर मी तिरोडकर. रेशनकार्डावर, पासबुकात, सगळीकडे.
शिफ्ट दाबून धरलं.
साळगावकर.
पाच मिनिटांची वीस झाली,
‘ग’ भलताच लपून बसला होता.
मामा दारात उभे, किल्ली वाजवत,
‘कोण हो हे? नवीन बाई येतायत का?’